माणिकने जोडलेली मोटार

मित्रांनो, अंधेरीला पूर्वेच्या बाजूला उतरून गुंदवलीच्या वाटेने चालू लागलात, की डाव्या हाताला एक वाडी लागते. वाडीच्या तोंडाशी चिंच आहे. चिंचेखाली काळ्या अंगाची आणि खाकी कापडी टपाची एक छोटी मोटार उभी असते. येता-जाता तुम्ही तिच्या काचेत भांग नीट केला असेल, एखाद्याने तिच्या पायदानावर बसून बोरेही खाल्ली असतील. ती मोटार म्हणजे मी. आज जरा थांबा. कीर्तनाला आल्यासारखे मांडी घालून बसा आणि माझी कथा पुरी होईपर्यंत उठू नका.

माझा जन्म विलायतेचा, सन एकोणीसशे पस्तीसचा. बोटीतून उतरले तेव्हा मला मुंबईचा एक शब्द कळत नव्हता. पार्ल्याच्या एका डॉक्टरांनी मला घेतले. वळायच्या आधी माझ्या खांद्यातून एक केशरी हात टक्कन बाहेर येई आणि रस्त्यावरची पोरे ओरडत, "हात केला! मोटारीने हात केला!" सोळा वर्षे मी डॉक्टरांना आजाऱ्यांच्या दारी नेले. बाळ जन्मल्याचे पेढे माझ्या सीटवर सांडले आणि जिथे उशीर झाला, तिथल्या रडण्याचे आवाजही मी ऐकले.

डॉक्टर थकले आणि मुलाकडे पुण्याला गेले. जाताना त्यांनी मला आपल्या कंपाउंडरच्या हाती दिले. त्याचे नाव मधुकर. मधुकरला माझे वेड होते. पुढल्याच वर्षी त्याचे लग्न झाले आणि कपाळाला मुंडावळ्या असतानाच तो मला चालवायला बसला. शेजारी नवी नवरी, माणिक. गिरणीत फिटर असलेल्या काशीरामची एकुलती एक लेक.

मधुकरने तिला मोटार शिकवली. तेव्हा बायका मोटार चालवताना दिसत नसत, म्हणून तो तिला आरे कॉलनीतल्या निवांत रस्त्यावर नेई.

"अगं हळू, हळू! म्हशी दूध द्यायच्या थांबतील!"

"मग तुम्ही ओरडू नका. म्हशी तुम्हालाच घाबरतायत."

"बरं बाई. आणि हे बघ, चोक म्हणजे मिठासारखा असतो. थंड असताना चिमूटभर हवा. इंजिन तापलं असताना ओढलास, तर सगळी आमटी खारट. मग बस पुढून हँडल फिरवत."

माणिकने तो धडा असा गिरवला, की माझा आवाज ऐकून तिला कळे मला काय हवे ते. मला त्या दिवसांत वाटे, आपल्यासारखी भाग्यवान मोटार नाही.

पौष महिना होता. आरेच्या जंगलात धुके उतरले होते. मधुकर एकटाच होता. झाडीतून एक भेकर समोर आले. त्याला वाचवायला त्याने मला वळवले. ब्रेक लागले, पण दवाने ओल्या रस्त्यावर माझी चाके धरेनात. समोर जांभळाचे झाड होते. भेकर वाचले, मित्रांनो. मधुकर वाचला नाही.

माझे बॉनेट चेपले, डावे मडगार्ड गुंडाळले गेले, रेडिएटर फुटला. बैलांनी ओढत मला काशीरामच्या वाडीत आणले आणि चिंचेखाली टाकले. तेराव्यानंतर माणिकही माहेरी आली. आई तिची लहानपणीच गेलेली. एका अंगणात आम्ही दोघी मोडलेल्या. नळावरच्या बायका कुजबुजत, "एक पांढऱ्या पायाची, एक पांढऱ्या चाकांची. काशीरामाने दोन्ही दारात ठेवल्यात." मला ते ऐकू येई. माणिकलाही येई, कारण बादली भरली तरी ती नळ बंद करायला विसरे.

आता काशीरामबद्दल सांगते. देवभोळा म्हणजे कसा असावा, तर काशीरामसारखा. जात्याच प्रेमळ, कुणाला उणा शब्द म्हणून बोलायचा नाही. दुनियेत त्याला एकच व्यसन होते, कीर्तनाचे. जोगेश्वरीला लेण्यांच्या वाटेवर मार्तंडबुवा राहत. त्यांचे कीर्तन जिथे असेल तिथे काशीराम पहिल्या रांगेत. एकदा गादीवर बुवा उभे राहिले, की आरतीपर्यंत हा हलायचा नाही. म्हणायचा, "कीर्तनातून मध्येच उठणं म्हणजे देव बोलत असताना त्याच्याकडे पाठ करणं."

वर्ष होत आले तरी माणिक कुणाशी धड बोलेना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काशीराम गिरणीतून आला, सदरा खुंटीला लावला आणि पाना घेऊन माझ्यापाशी बसला.

"माणिक गो, जरा इकडे ये. हिचं पुस्तक बघ. चित्रं मला कळतात, अक्षरं तुला."

"आबा, हिला भंगारात द्या. माझ्या डोळ्यांसमोर नको."

"दिली असती. पण बघ ना, बिचारीने ब्रेक लावले होते गो. शेवटपर्यंत लावले होते. तिचा काय दोष?"

माणिक कितीतरी वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग आली. पुस्तक उघडले. त्यात मधुकरच्या हातची एक पेन्सिलीची खूण होती. तिने त्यावर बोट फिरवले आणि पहिले पान वाचायला घेतले.

दीड वर्ष ते चालले, मित्रांनो. गिरणीची पाळी सुटली, की संध्याकाळी तासभर आणि रविवारी दिवसभर. काम करता करता काशीराम आदल्या दिवशीचे कीर्तन लेकीला सांगे, कारण ती देवळात जात नव्हती. गेलीच तर बायका सरकून बसत. मग देऊळच तिच्याकडे येई. काशीराम नट सोडवता सोडवता पद म्हणे, पान्याने मडगार्डावर ठेका धरे आणि म्हणे, "हा आपला पूर्वरंग. सगळं खोलायचं, मोकळं करायचं. जोडाजोडी उत्तररंगात."

"आबा, मोजून ठेवा हां. नाहीतर उत्तररंगात चार नट उरतील."

"उरले तर प्रसाद म्हणून वाटू."

ती हसली. वर्षाने पहिल्यांदा हसली. काशीरामने पाना खाली ठेवला आणि डोळ्यांत ग्रीस गेल्याचे निमित्त करून तो नळावर गेला.

वाळूच्या पोत्यावर माझे मडगार्ड ठेवून त्याने लाकडी हातोड्याने ते ठोकून सरळ केले. व्हॉल्व्ह घासायचे काम माणिकचे. दोन तळव्यांत काठी धरून, ताक घुसळावे तशी ती फिरवायची, तासन् तास. रेडिएटर डाग देऊन सांधला, तरी एक बारीक चीर झिरपतच राहिली. तेव्हा माणिक घरात गेली आणि स्वयंपाकघरातून मूठभर हळद घेऊन आली. तापलेल्या पाण्यात हळद सोडली, की ती चिरेत जाऊन बसते, हे तिला मधुकरने सांगितले होते. हळद माझ्या पोटात सोडताना ती एवढेच म्हणाली, "माझ्या कपाळाला नाही. निदान तुझ्या पोटात तरी असू दे."

काशीरामने ऐकले आणि रेडिएटरचे झाकण घट्ट फिरवले.

टप तिने शिवला. जाड खाकी कापड, शेजारच्या रत्नप्रभावहिनींच्या शिवणयंत्रावर. यंत्राच्या सुया मोडल्या, म्हणून कोपरे हाताने घातले. रत्नप्रभावहिनी स्वभावाने भल्या. नळावरच्या बायकांत त्या नव्हत्या. म्हणायच्या, "माणिक, बोटाला कापड बांध गं. सुईला काय कळतंय?"

आणि एका सकाळी माणिकने चोक बेताने ओढला, हँडल अर्धा फेरा फिरवले, आणि मी बोलले. आधी खोकले, मग थरथरले, मग चारही ठोके लयीत पडू लागले. काशीरामने टाळ्या वाजवल्या. माणिक बॉनेटवर हात ठेवून उभी होती, डोळे मिटून. "तिसरा जरा मागे पडतोय, आबा," ती म्हणाली. काशीरामला काही कळले नाही. मला कळले. खरेच मागे पडत होता.

मी सुरू झाले खरी. पण माझ्यात बसायला कुणी तयार होईना! काशीरामने वाडीतल्या पोरांना फेरी मारू म्हटले, तर आया त्यांना ओढून घरात नेत. "माणूस खाल्लेली मोटार ती," असे त्याच्या तोंडावर म्हणत.

इकडे माणिकच्या सासरहून पत्रे येत. सासर पेणकडच्या एका खेड्यात. सासू अंथरुणाला खिळलेली, गुरे, शेण, धान्य, आणि करायला कुणी नाही. धाकटा दीर दशरथ लिही, "वहिनीस पाठवून द्यावे. विधवा बाई माहेरी किती दिवस राहणार?" काशीराम दर वेळी उत्तर देई, "माझी लेक माझ्याकडे राहील." आणि माणिकला म्हणे, "तू घाबरू नकोस गो. एकदा ह्या गाडीला लोकांनी हात लावला, की तुलाही लावतील. गाडी भाड्याने चालवू. मी चालवीन, तू राखशील. तुझं पोट तुझ्या हातावर."

म्हणजे बघा मित्रांनो, सगळे माझ्यावर येऊन ठेपले होते. माझा डाग गेला, तर माणिक इथे राहणार. नाहीतर ती त्या गोठ्यात जाणार.

रामनवमी जवळ आली. गावठाणातल्या रामाच्या देवळात दर वर्षी मार्तंडबुवांचे जन्माचे कीर्तन असे. त्या वर्षी बुवांनी निरोप धाडला, की गुडघे साथ देत नाहीत, जोगेश्वरीहून येणे जमणार नाही. काशीराम तडक देवळाच्या मंडळींकडे गेला. "बुवांना मी मोटारीने आणतो!"

त्याच्या मनात काय होते ते मी सांगते. बुवा एकदा माझ्यात बसले, की अंधेरीत कोण मला अपशकुनी म्हणेल?

मंडळींत श्यामकांत म्हणून एक गृहस्थ होते. ते दोन दिवसांनी मला पाहायला आले. चारी बाजूंनी फिरले. "काशीरामभाऊ, झकास झालीय गाडी. मानलं. पण बुवांना बसवायचं, तर आधी विधीपूर्वक ओवाळून घ्या. सवाष्णीच्या हातून. उगाच नंतर कुणी नावं ठेवायला नको."

"ओवाळू की. त्यात काय?"

"आणि त्या वेळेला..." श्यामकांतांनी आवाज उतरवला. माणिक दोन हातांच्या अंतरावर माझी काच पुसत होती. पुढचे शब्द मला ऐकू आले, तसे तिलाही आले असतील. "त्या वेळेला पोरीला समोर ठेवू नका."

काशीराम 'नाही' म्हणाला नाही, 'हो' म्हणाला नाही. संध्याकाळी मात्र तो लेकीला म्हणाला, "नवमीला तू मागच्या सीटवर बसायचंस. बुवांच्या चिपळ्या तुझ्या मांडीवर." माणिकने त्या रात्री आपली एकुलती एक बरी साडी उशाखाली घडी घालून ठेवली, असे रत्नप्रभावहिनींनी पुढे सांगितले.

अष्टमीला दशरथ येऊन बसला. आईची बोलणी खाऊन आलेला, कंटाळलेला माणूस. वाईट नव्हता. "वहिनी, उद्या दुपारी दोनला धक्क्यावरून गावी जायला धरमतरची लाँच आहे. येताय का?"

"नाही भावजी. माझं काम इथं आहे."

"काम? मोटारीचं?" तो हसला. "बरं. मी सकाळी निघताना परत विचारून जातो."

नवमीची सकाळ उजाडली. माणिकने मला धुतले, पुसले, पितळेला चिंच लावली. मग चोक बेताने ओढून तिनेच मला सुरू केले. चारही ठोके लयीत. ती साडी बदलून आली आणि माझ्या दारापाशी उभी राहिली. वाडी जमली होती. श्यामकांत होते. रत्नप्रभावहिनी तबक घेऊन आल्या, त्यात निरांजन, हळदकुंकू, झेंडूचा हार.

श्यामकांतांनी काशीरामकडे पाहिले. फक्त पाहिले.

आणि काशीराम, ज्याने दीड वर्ष तिला देऊळ अंगणात आणून दिले होते, तो माझ्या मडगार्डाकडे बघत म्हणाला, "माणिक, जरा आत जा गो. आटपलं की हाक मारतो."

माणिकने हात पदराआड घेतले. तिच्या नखांत माझेच काळे तेल होते. मग "हो आबा," म्हणाली आणि आत गेली. दार लोटून घेतले, पण पुरते नाही. बोटभर फट राहिली.

मला ओवाळले. मला हळद लागली, कुंकू लागले, हार घातला. लिंबू चिरडले, नारळ फुटला. जिच्या हाताने माझा ठोका न् ठोका जुळवला, ती दाराआड, आणि मी नवरीसारखी सजलेली! कुणीतरी ओरडले, "काशीरामभाऊ, निघा! बुवा वाट बघत असतील, बारा कुणासाठी थांबत नाहीत!" काशीराम घाईघाईने बसला. मी चालूच होते. श्यामकांत मागे बसले. वाडी ओरडली, "सियावर रामचंद्र की जय!" आणि आम्ही निघालो.

हाक मारतो म्हणाला होता. मारली नाही.

विसरला का? मी त्याच्या पायाखाली होते, मला माहीत आहे. विसरला नव्हता. वळणावर त्याने पाय पेडलवरून काढला आणि परत ठेवला. एकदा बुवा बसू देत, मग पुढच्या वेळी तिला मानाने बसवू, असे तो मनाशी घोकत होता. भल्या माणसाच्या हातून पाप घडते ते असेच, मित्रांनो. 'पुढच्या वेळी' म्हणत.

जोगेश्वरीला बुवांना दोघांनी धरून माझ्यात बसवले. म्हातारे बुवा सत्तरीचे, पण नजर टिपणारी. वर टपाकडे बघून म्हणाले, "काशीराम, ही शिवण कुणाची रे? टाका बघ कसा, एकासारखा एक. माळ जपल्यागत."

"लेकीची, बुवा."

"मोटारीचं कामही तिनेच केलं म्हणे? मग ती कुठाय?"

मागे श्यामकांत खाकरले.

"घरीच आहे," काशीराम म्हणाला. "तिला... जरा बरं नाही."

कीर्तनकाराला कीर्तनाला नेताना, रामनवमीच्या सकाळी, काशीरामने खोटे सांगितले. आयुष्यात त्याने एवढे जड काही उचलले नसेल.

"अरेरे," बुवा म्हणाले. "बरं वाटलं तर बाराला आणा तिला. रामाच्या पाळण्याची दोरी आज तिच्या हाती देऊ. जिने मोडलेलं जोडलं, तिचा मान."

काशीरामने माझा वेग वाढवला. श्यामकांत बाहेर बघू लागले.

देवळासमोर काशीरामने मला बंद करून उन्हात उभे केले. दाराच्या अगदी समोर होते, म्हणून मला आतले सगळे दिसत होते. बुवा गादीवर उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, झांजेने साथ धरली. काय तो आवाज! पण काशीराम पहिल्या रांगेत बसून डोलत नव्हता. सारखा दाराकडे बघे. दोनदा त्याने उठायला हात टेकले. वाटत होते, पळत जावे, पाच मिनिटांची तर वाट, तिला घेऊन यावे. आणि दोनदा तो खाली बसला. कीर्तनातून उठायचे नाही! जन्मभर पाळलेला नेम त्याने त्या दिवशीही पाळला.

साडेअकराला रत्नप्रभावहिनी आल्या. धापा टाकत, घामाने डबडबलेल्या. बायकांच्या बाजूला बसल्या. पदराने तोंड पुसत पुरुषांच्या रांगांकडे बघत होत्या. त्यांनाही काही सांगायचे होते. पण पाळणा हलायला अर्धा तास, देऊळ गच्च भरलेले, बुवांचा स्वर टिपेला. मध्येच कसे बोलायचे? त्याही थांबल्या.

बारा वाजले. गुलाल उधळला. "जन्मला गं बाई, राम जन्मला" म्हणत बायकांनी फुले टाकली. बुवांनी हात वर करून सगळ्यांना शांत केले. "दोरी ओढायला आज आपण काशीरामच्या लेकीला बोलावलंय. आली का ती?"

बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. कुणी म्हणाले, "अगं बाई, तिला?" आणि रत्नप्रभावहिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांना हुंदका आवरेना.

"ती गेली, बुवा. दीर आला होता ना, त्याच्यासोबत. साडेदहाला निघाली. दोनची लाँच आहे. मी स्टेशनपर्यंत मागे जाऊन खूप अडवलं. म्हणाली, वहिनी, आता अडवू नका."

मित्रांनो, काशीराम उठला. आरतीला अजून अवकाश होता. बुवा गादीवर उभे होते, राम पाळण्यात होता, आणि काशीराम जन्मात पहिल्यांदा कीर्तनातून उठला. लोकांच्या गुडघ्यांवरून ठेचकाळत बाहेर आला.

"काशीराम, रेल्वेने जा, वेळेत पोचशील!" आतून कुणी ओरडले.

"नाही! हिच्यातूनच जाईन. हिच्यातच बसवून परत आणीन. सगळ्यांच्या देखत!"

त्याने चोक ओढला. पुरता ओढला. रोज सकाळी माणिकला चोक ओढताना त्याने पाहिले होते. ती केव्हा ओढते आणि किती, ते कधी पाहिले नव्हते. मी दोन तास उन्हात तापलेली, पोटात इंजिन गरम. पेट्रोल माझ्या नळ्यांत नाकातोंडात पाणी जावे तसे भरले. त्याने हँडल मारले. एकदा, दोनदा, दहादा. मला ओरडून सांगायचे होते, अरे, तो चोक आत ढकल, घडीभर थांब, मला श्वास घेऊ दे! पण मोटारीला बोलता येत नाही. तिचे बोलणे समजणारी एकच होती, आणि ती धक्क्याच्या वाटेवर होती.

त्याचे तळहात सोलवटले. हँडलला रक्त लागले. आत आरती चालू झाली, संपली. लोक बाहेर येऊन गोल उभे राहिले. मागून कुणीतरी म्हणाले, "तरी म्हटलं होतं. अपशकुनी ती अपशकुनीच."

बुवा आले, कपाळाला गुलाल, गळ्यात तसाच हार. त्यांनी काशीरामच्या मनगटावर हात ठेवला. "हँडल खाली ठेव. पळ स्टेशनवर. एक वाजला."

काशीरामने चोक आत ठोसला, हँडल तिथेच टाकले आणि तो पळत सुटला. अनवाणीच.

तो धक्क्यावर पोचला तेव्हा अडीच वाजले होते. लाँच दूर समुद्रात बोटाएवढी दिसत होती.

आणि इकडे काय झाले, ते सांगताना मला आजही लाज वाटते. तासाभराने देवळातला धाकू झाडायला बाहेर आला. सहज हँडल उचलले, ठेवायचे म्हणून लावून बघितले, एक हिसका दिला. मी सुरू झाले. माझ्या पोटातले पेट्रोल तोवर उडून गेले होते. धाकू घाबरून मागे सरला. मला बंद कसे करायचे हे कुणालाच माहीत नव्हते. टाकी कोरडी होईपर्यंत मी रिकाम्या देवळासमोर घरघरत राहिले. चारही ठोके लयीत.

आठ दिवसांनी काशीराम पेणला गेला. परत आल्यावर तो घरात गेलाच नाही. माझ्या पायदानावर बसला. रत्नप्रभावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"काय म्हणाली पोर?"

"जेवायला वाढलं. माझ्या हाताच्या फोडांना खोबरेल लावलं. चिडली असती तर बरं झालं असतं, वहिनी."

"मग येत का नाही?"

काशीरामने तांब्या पायदानावर ठेवला. "म्हणाली, आबा, तुम्ही हाक मारतो म्हणालात, म्हणून मी दाराशीच बसून राहिले. हाक चुकू नये म्हणून चूलसुद्धा फुंकली नाही. मोटारीचा आवाज लांब गेला, तरी वाटलं, वळणावरून मागे येईल. आता इथं निदान कुणी बाहेर बोलावेल, अशी वाट बघायला नको."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी लावायला काय लावणार?

त्याला आज तीन वर्षे होत आली. मार्तंडबुवा आता नाहीत. पण शेवटच्या वर्षात ते हट्टाने माझ्यातूनच कीर्तनाला जात, आणि त्यामुळे माझा डाग साफ गेला. आता अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत लग्नाच्या वराती माझ्यातून निघतात. नळावरच्या त्याच बायका आपल्या सुना माझ्यात बसवतात. श्यामकांतांची नात परवा माझ्यातूनच सासरी गेली. मला दर दसऱ्याला हार मिळतो. आणि जिने मला शुभ केले, ती तिकडे शेणाच्या पाट्या उचलते आणि लग्नघरात मागच्या दाराने जाते. लोखंडाचा दोष लोक विसरले. माणसाचा विसरले नाहीत.

काशीराम दर महिन्याला तिला पत्र लिहितो. ती उत्तर देते, खुशाली कळवते, माझ्या इंजिनात तेल केव्हा बदलायचे तेही लिहिते. येते मात्र नाही. काशीराम अजून कीर्तनाला जातो, पण पहिल्या रांगेत बसत नाही. दाराशी, चपलांजवळ बसतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून माझ्या जातीच्या गोष्टी संपतात. मी तेवढे सांगून थांबणार नाही. वस्तू जपाच, त्यांना तेल द्या, पुसा, ऊन-पावसात टाकू नका. पण तुमच्या घरी काही मंगल असेल, तबकात निरांजन पेटले असेल, तेव्हा आधी एकदा घरात फिरून या. स्वयंपाकघरात बघा, दाराआड बघा. तिथे कुणी नखांतले काळे लपवत बसले असेल, तर त्याचा हात धरा आणि त्याला बाहेर सगळ्यांच्या पुढे आणा. मोठी माणसे डोळे वटारतील, वटारू द्या. मुहूर्त टळेल, टळू द्या. घडीभर उशीर झाला म्हणून देव रागावल्याचे मी एवढ्या वर्षांत एकाही कीर्तनात ऐकले नाही. धरमतरची लाँच मात्र कुणासाठी थांबत नाही.